एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या : मोठ्या माणसांच्या वर्गाची आखणी कशी करावी? (इंदूर)

राजेंद्रनगरकर | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

इंदूरला आमच्या वस्तीत मराठी मंडळाचं जुनं वाचनालय आहे. खाली पुस्तकं, वर हॉल. संध्याकाळी भजन, रविवारी मुलांचे वर्ग, बाकी दुपारभर हॉल रिकामा. तिथे पन्नाशीपुढच्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं मंडळानं ठरवलं. मी वीस वर्षं शाळेत हाच विषय शिकवला, म्हणून काम माझ्याकडे आलं. दोन तुकड्या झाल्या, तिसरी दिवाळीनंतर आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायचंय, कारण पहिली तुकडी माझ्या चुकीमुळे मोडली.

चौदा नावं आली होती, महिन्याच्या शेवटी पाच उरली. मी शाळेचंच पुस्तक उघडलं होतं. संगणकाचे भाग, इनपुट म्हणजे काय, आउटपुट म्हणजे काय, मग पेंटमध्ये घर काढा. कापड मिलमध्ये तीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या एका काकांना मी सगळ्यांदेखत विचारलं, "माउस हे कोणतं साधन?" त्यांना सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. पुढे भाजी घेताना भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, मला पुण्याचं तिकीट काढता यायला हवं होतं. मुलगी तिथे असते. ते कधी येणार होतं?" माझ्या आखणीत ते नवव्या आठवड्यात होतं.

दुसऱ्या तुकडीला पहिल्या दिवशी कॉम्प्युटर लावलेच नाहीत. चहा घेतला आणि प्रत्येकाला एकच विचारलं : गेल्या महिन्यात कोणतं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागलं? उत्तरं फळ्यावर लिहीत गेले. बिजलीचं बिल. नातवाच्या शाळेचा फॉर्म. पुण्याचं तिकीट. पेन्शनचा हयातीचा दाखला. भजनी मंडळाच्या वर्गणीची यादी. फोनमधले लग्नाचे फोटो काढून ठेवणं. एक काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बहिणीला निरोप लिहायचा तर सुनेला सांगून लिहून घ्यावा लागतो. काही गोष्टी सुनेला सांगता येत नाहीत." फळा भरला, तोच अभ्यासक्रम झाला. आधी काय आणि नंतर काय, हेही त्यांनीच ठरवलं.

दुसरा बदल बसण्याचा. बारा जण, सहा कॉम्प्युटर, प्रत्येकापुढे दोन खुर्च्या. माउस ज्याला कमी येतं त्याच्या हातात. ज्याला जास्त येतं त्यानं फक्त तोंडानं सांगायचं. "इथे दाबा" म्हणून बोट दाखवणंही चालत नाही. "वर डावीकडे, निळ्या पट्टीत, दुसरं चित्र" असं सांगावं लागतं. सांगणाऱ्याला शब्द शोधावे लागतात आणि त्यात त्याचंही पक्कं होतं. मीसुद्धा कुणाच्या माउसला हात लावत नाही. शिक्षकाला हे फार जड जातं, पहिले दोन आठवडे मी हात पाठीमागे बांधून फिरत होते.

वेळ दुपारी तीन ते साडेचार, आठवड्यातून दोनदा. इथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि नळाच्या दिवशी वर्ग ठेवला तर निम्म्या बायका येऊ शकत नाहीत. म्हणून आम्ही वार धरले नाहीत, बिननळाचे दिवस धरले. ही अडचण मला पहिल्या तुकडीत कळलीसुद्धा नव्हती.

तुम्हाला विचारायचं ते असं. जोडी आठही आठवडे तीच ठेवावी की बदलावी? बँकेची, पासवर्डची कामं दोघांच्या डोळ्यांदेखत कशी करायची? आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावं का?

लष्कर_ग्वाल्हेर | सोमवार, रात्री ९:५२

ताई, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात असंच काही सुरू करायच्या विचारात आहोत, म्हणून धागा नीट वाचतोय. कमी कुणाला येतं हे कसं ठरवता? विचारलं तर सगळेच म्हणतात, मला काहीच येत नाही.

राजेंद्रनगरकर | सोमवार, रात्री १०:०५

कायमचं ठरवत नाही, त्या कामापुरतं ठरवतो. तिकिटाच्या वेळी ज्यानं कधी तिकीट काढलं नाही त्याच्या हाती माउस. तोच माणूस टायपिंगला पुढे असू शकतो, मग तिथे तो सांगणारा. "तुम्हाला येतं का" असं न विचारता "हे काम तुम्ही कधी स्वतः केलंय का" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

सातपुडा | मंगळवार, सकाळी ७:३०

मी नागपूरचा. तुमची पहिली चूक समजली, पण दुसरी आखणी मला पूर्ण पटलेली नाही. २००१ मध्ये एमएस-सीआयटी, म्हणजे महाराष्ट्रातला कॉम्प्युटरचा प्राथमिक कोर्स, सुरू झाली, त्यानंतर काही वर्षं मी एका सेंटरवर शिकवत होतो. एका माणसाला एक मशीन हे मी हट्टानं पाळायचो. बोटांना सवय लागायची तर बोटंच चालवावी लागतात, दुसऱ्याची बघून ती लागत नाही.

जोडीत जो चटपटीत असतो तो पुढे निघतो आणि दुसरा मान हलवत राहतो. वर्गात दोघांनाही आल्यासारखं वाटतं. घरी एकटं बसल्यावर कळतं की एकालाच आलंय. तुम्ही हाताला बंदी घातलीत, पण सांगणाऱ्याच्या तोंडाला घातली नाहीत. सतत कानाशी सूचना असतील तर माउस धरणारा स्वतः विचार कधी करणार? शिवाय नवरा-बायको शेजारी बसले तर काय होतं, ते मी पुष्कळ पाहिलंय.

राजेंद्रनगरकर | मंगळवार, दुपारी १:१५

दादा, तुम्ही म्हणता ते दोन्ही आमच्याकडे घडलं. एक काका बायकोला सांगता सांगता इतके अधीर झाले की काकूंनी माउस सोडून दिला आणि पदरानं डोळे पुसले. त्या दिवसापासून नवरा-बायको, सासू-सून, सख्ख्या जावा एका कॉम्प्युटरपुढे नाहीत. घरातला मान-अपमान खुर्चीबरोबर येतो. त्याच काकूंना एका अनोळखी आजोबांशेजारी बसवलं. आजोबा हळू बोलणारे, काकू तीन दिवसांत मोकळ्या झाल्या.

एकट्याच्या सरावाचंही तुमचं बरोबर आहे. आता नव्वद मिनिटं अशी लावली आहेत : चाळीस मिनिटं जोडीनं, दहा चहाला, मग वीस मिनिटं सहा जण एकेकटे कॉम्प्युटरवर आणि उरलेले सहा खाली वाचनालयात, पुढची वीस मिनिटं अदलाबदल. एकट्याच्या वीस मिनिटांत कुणी कुणाला काही सांगायचं नाही. अडलं तर वहीत लिहायचं, "इथे अडलो." ती वही पुढच्या दिवशी जोडीदारापुढे उघडायची. खाली जाणारे काय करतात ते सावकाश लिहिते, कारण माझ्या दृष्टीनं वर्गाचा जीव तिथेच आहे.

दांडियाबाजार | मंगळवार, सायंकाळी ६:४०

बडोद्याहून. मी शिक्षकांना शिकवण्याच्या कामातून निवृत्त झालो, त्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन घरांतली मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि वर्गात ताण वाढला. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं तेव्हा धडाच तुकड्यांत वाटला. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, त्यामुळे पूर्ण धडा समजायला सगळ्यांना एकमेकांचं ऐकावंच लागे. या पद्धतीला जिगसॉ म्हणतात. तुमचं तिकीट असं वाटून पाहा. एका जोडीनं फक्त स्टेशन, तारीख आणि गाडी शोधणं शिकायचं. दुसरीनं वेटिंग आणि आरएसी म्हणजे काय ते : आरएसीत बसायची जागा पक्की, पूर्ण बर्थ पुढे मिळाला तर मिळाला. तिसरीनं प्रवाशाची माहिती भरणं. चौथीनं तिकीट रद्द करणं. मग जोड्या फोडून चौघांचे नवे गट करायचे, प्रत्येक गटात चारही तुकडे जाणणारी माणसं. जोडी बदलावी का, याचं माझं उत्तर त्यात आलं. रोजची जोडी तीच ठेवा म्हणजे विश्वास बसतो, आणि दर पंधरवड्याला एका मोठ्या कामासाठी ती फोडा.

दुसरं. कुणीतरी सुगत मित्रांच्या प्रयोगाचा दाखला देईलच : १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि मुलं आपापसांत शिकली. प्रयोग मोलाचा आहे, पण तो जसाच्या तसा मोठ्यांना लावू नका. मुलाला चुकण्याची लाज नसते. मोठ्या माणसानं आयुष्यभर काहीतरी उत्तम करून दाखवलेलं असतं आणि चारचौघांत चुकणं त्याला ते सगळं पुसल्यासारखं वाटतं. त्याला नुसतं मोकळं सोडलं तर तो शिकत नाही, उठून जातो. तुमच्या मिलमधल्या काकांचं तेच झालं.

आमच्या बडोद्यापुरतं एक. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. पण वाचायला शिकलेला माणूस पुढे वाचायला काही नसेल तर विसरतो, हेही त्यांनी ओळखलं. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून त्यांनी ग्रंथालयांचं खातं उभं केलं, त्यातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. तुमच्या वर्गाला मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. आठ आठवडे संपल्यावर ही माणसं कॉम्प्युटर कुठे वापरतात?

रेमिंग्टन | मंगळवार, रात्री ८:२०

मी ताईंच्या दुसऱ्या तुकडीतला, वय ७१. हा मजकूर मी स्वतः टाइप करतोय, वेळ लागेल.

सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी हिंदी टायपिंगवर झाली. आधी रेमिंग्टनचं टाइपरायटर मशीन, नंतर कॉम्प्युटर आला तेव्हा क्रुतिदेव. कळपाट (कीबोर्ड) तोच, म्हणून काही अडलं नाही. निवृत्तीनंतर मुलीला एक अर्ज ईमेलनं पाठवला तर तिच्याकडे सगळी इंग्रजी अक्षरं, अर्थ काही लागेना. ताईंनी कारण सांगितलं तेव्हा समजलं. क्रुतिदेव हा फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. क हा डी अक्षराच्या जागी बसवलेला. कॉम्प्युटरला ते डीच वाटत राहतं. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला डी दिसतो. चाळीस वर्षं लिहिलेलं सगळं परक्याच्या कपड्यात होतं, हे कळल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

मग युनिकोड, ज्यात देवनागरी अक्षरांना स्वतःची जागा असते, आणि त्यासाठीचा इन्स्क्रिप्ट कळपाट शिकायला बसलो, आणि माझी बोटंच आडवी आली. मशीनवर 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी मारायची, मग क, कारण कागदावर वेलांटी आधी येते. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी, जसं बोलतो तसं. बरोबर हेच आहे, पण बोटांना कोण सांगणार? माझ्या शेजारी जी बाई होती तिनं आयुष्यात कळपाट पाहिला नव्हता. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. तिला ते आठ दिवसांत बसलं, मला महिना लागला. ती मला तोंडानं सांगायची, "काका, आधी अक्षर." जोडाक्षरं आली तेव्हा मी तिला सांगितलं, कारण अक्षराचं हाड कुठे मोडतं ते मला माहीत होतं.

इन्स्क्रिप्टवर ळ शिफ्ट आणि एन दाबल्यावर येतो. इंदूरच्या हिंदी कागदांवर काळ्यांचं काले होतं, बिलापासून आधारपर्यंत. ज्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ळ उमटवला त्या दिवशी मी वर्गातल्या सगळ्यांची आडनावं एकदा लिहून काढली.

सातपुडा साहेबांना सांगायचंय की मी एकटा असतो तर पहिल्या आठवड्यातच सोडून दिलं असतं. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची नाही, म्हणून मी येत राहिलो.

सातपुडा | मंगळवार, रात्री ९:०५

काका, तुमचा अनुभव वाचून मी थांबलो. वीस मिनिटं एकट्याची ठेवली आहेत तर माझी मुख्य शंका मिटली. शेजारच्या खुर्चीमुळे माणूस टिकतो, हे माझ्या हिशेबात नव्हतं. सेंटरवर फी भरलेली असायची, माणसं त्यासाठी टिकायची.

राजेंद्रनगरकर | बुधवार, दुपारी २:३०

आता खाली वाचनालयात काय चालतं ते.

आमच्याकडे साडेतीन हजारांवर पुस्तकं आहेत आणि त्यांची यादी एका फाटक्या दाखल रजिस्टरात, तीही अर्धवट. तुकडीच्या तिसऱ्या आठवड्यात एका आजोबांनीच विचारलं, "ही यादी कॉम्प्युटरवर नाही का घेता येणार?" तेव्हापासून ते आमचं सामायिक काम झालं. गूगल शीट एकच, सगळे एकाच वेळी त्यात. रकाने सहा : दाखल क्रमांक, पुस्तक, लेखक, विषय, कपाट, आणि नोंद कुणी केली त्याची आद्याक्षरं. खाली गेलेले सहा जण पुस्तकं काढून, झटकून, रजिस्टराशी ताडून कागदावर लिहितात. वरचे ते टाइप करतात. मग अदलाबदल.

या एका कामात मला शिकवायचं होतं ते जवळजवळ सगळं आलं, आणि गरजेपोटी आलं. लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी, यावर एक अख्खा दिवस वाद झाला. ठरलं नाही तेव्हा दोन्ही तऱ्हांनी वीस-वीस नोंदी केल्या आणि क्रमवारी लावून पाहिली. आडनाव आधी घेतलं की एका लेखकाची पुस्तकं शेजारी येतात, हे पडद्यावर दिसलं आणि वाद संपला. क्रमांक देवनागरीत टाकले तर शीट त्यांना आकडे मानत नव्हती, बेरीज शून्य येत होती. मिलमधल्या हिशेबाची सवय असलेल्या एका काकांनी ते पकडलं. विषयाच्या रकान्यात कुणी 'चरित्र', कुणी 'जीवनचरित्र', कुणी 'आत्मकथा' लिहिलं, म्हणून ठरलेल्या विषयांची यादी लावावी लागली. कोणतं पुस्तक कोणत्या विषयात जाईल हे मी ठरवूच शकत नव्हते, मी ती वाचलेली नाहीत. त्यांनी वाचली आहेत. त्या टेबलाशी मी विद्यार्थी होते.

एका दिवशी एका काकूंच्या हातून १४० ओळी पुसल्या गेल्या. हॉलमध्ये सगळे स्तब्ध. काकू थरथरत उठल्या, म्हणाल्या, "मी उद्यापासून येत नाही." मी फाइलच्या मेनूतला आवृत्ती इतिहास उघडला, अर्ध्या तासापूर्वीची शीट परत आणली. सगळे मागे गर्दी करून बघत होते. नंतर त्याच काकूंना मी सांगितलं, आता मुद्दाम पुसा आणि स्वतः परत आणा. त्यांनी तीनदा केलं. मोठ्या माणसांच्या मनात "माझ्या हातून बिघडेल" ही भीती इतकी खोल असते की बाकी सगळं त्याखाली दबतं. पुढच्या तुकडीत हा धडा पहिल्याच आठवड्यात घेणार आहे.

आणखी एक सांगायलाच हवं. काही जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर देणाऱ्यानं मोडीत लिहिलेलं होतं. ८४ वर्षांचे एक आजोबा फक्त सोबत म्हणून यायचे, माउसला हातही लावत नसत. त्यांनी ते घडाघडा वाचलं. कोणतं पुस्तक कुणी, कुणाच्या स्मरणार्थ दिलं ते. आम्ही सातवा रकाना जोडला. आजोबा वाचतात, शेजारची बाई टाइप करते. त्यानंतर आजोबा सोबत म्हणून आले असं कुणी म्हटलं नाही.

दांडियाबाजार | बुधवार, दुपारी ३:१०

ताई, हे वाचून फार समाधान वाटलं. मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, आजोबांना जरूर सांगा. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. यादी संपेपर्यंत तरी ही माणसं येत राहतील.

शिकतेय_६३ | बुधवार, रात्री ८:४५

मी पण दुसऱ्या तुकडीची. बोलून लिहिते आहे, चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

ताईंनी पासवर्डचं विचारलं आहे, तर माझं सांगते. पाचव्या आठवड्यात फोनवरून पैसे पाठवायचा सराव होता. दहा रुपये जोडीदाराला पाठवायचे. मी पिन दाबत होते आणि माझी जोडीदारीण मदत म्हणून माझ्याबरोबर एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेली. मनात काही नव्हतं तिच्या. पण हॉलभर ऐकू गेलं. घरी सांगितलं तर मुलगा चिडला, म्हणाला, हा वर्ग नकोच. पिन बदलला. मी दोनदा गेले नाही. मला तिचा राग नव्हता, मला लाज वाटत होती की एवढंही मला राखता आलं नाही.

ती स्वतः घरी आली मला न्यायला. नंतर ताईंनी सगळ्यांना बसवून यावर बोलायला लावलं, तेव्हा मी पहिल्यांदा वर्गात उभी राहून बोलले.

राजेंद्रनगरकर | बुधवार, रात्री ९:३०

काकू, तुम्ही लिहिलंत, बरं झालं. ती आखणीतली माझी चूक होती, तुमची दोघींची नव्हती. एकमेकांना सांगा, एकमेकांना सांगा असं मी पाच आठवडे शिकवलं आणि काय सांगायचं नाही ते शिकवलंच नव्हतं.

आता वर्गाचा रिवाज असा. पिनची वेळ आली की जोडीदार खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करतो. शब्द न बोलता. दुसरं, वर्गाच्या कॉम्प्युटरवर बँक उघडायची नाही, बँकेची कामं फक्त स्वतःच्या फोनवर. तिसरा एक सराव आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जोडीदारानं गोड बोलून ओटीपी मागायचा. "अहो काकू, सांगा ना, मी पटकन टाकते, तुमचा चष्मा नाहीये." आणि समोरच्यानं नाही म्हणायचं. अनोळखी माणसाला नाही म्हणता येतं. रोज शेजारी बसणाऱ्याला, आपल्याला आवडणाऱ्या माणसाला म्हणणं अवघड असतं. बायकांना तर आयुष्यभर नाही न म्हणण्याचंच वळण लागलेलं. पहिल्या दिवशी बारापैकी नऊ जणांनी सांगून टाकला.

पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय.

गोपाळमंदिर | गुरुवार, सकाळी १०:२०

मी वर्गाची मशीनं सांभाळतो. ताईंनी सांगितलेल्यात एक जोडतो. पोलीस किंवा सीबीआयचं नाव सांगून व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवतात, त्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात. असा काही प्रकार कायद्यात नाहीच. ते लोक पहिली अट हीच घालतात की कुणाशी बोलायचं नाही, फोन ठेवायचा नाही. म्हणून आमच्या वर्गात जोडी वर्गाबाहेरही चालते : घाबरवणारा फोन आला की तो कापायचा आणि पहिला फोन जोडीदाराला. मुलं पुण्या-बंगलोरला, कामावर असतात. जोडीदार दोन गल्ल्यांवर असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितकं लवकर तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी घालतो.

मशीनांबद्दल : सहाही एका ऑफिसानं काढून टाकलेली. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ही मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती. त्यामुळे अशी चांगली मशीनं खूप ठिकाणी पडून आहेत, मागा, मिळतील. आम्ही त्यावर विंडोजऐवजी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं, हार्ड डिस्क काढून तिच्याजागी वेगवान एसएसडी लावली. प्रत्येकावर पाहुण्याचं खातं चालू केलं, बाहेर पडलं की मागचं सगळं पुसलं जातं. म्हणून शीट लिंकवर उघडतो, आणि कुणी काय लिहिलं ते कळायला आद्याक्षरांचा रकाना. "घरच्यापेक्षा वेगळं दिसतं" अशी तक्रार दोन दिवस असते, मग ब्राउझर सगळीकडे सारखा आहे हे लक्षात येतं.

लष्कर_ग्वाल्हेर | गुरुवार, दुपारी १२:००

यासाठी सरकारी योजना नाही का?

दांडियाबाजार | गुरुवार, दुपारी १२:४०

२०१७ चं ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान तुमच्या मनात असेल. ते नावाप्रमाणे ग्रामीण भागासाठी, घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, शिक्षण २० तासांचं. शहरातली ६५ वर्षांची बाई त्यात कुठेच बसत नव्हती. तिच्यासाठी वाचनालय, मंडळ, देवळाचा सभामंडप हेच आहेत.

आणि ग्वाल्हेरला सुरुवात नोव्हेंबरात करणार असाल तर हयातीच्या दाखल्यापासून करा. ऐंशीच्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. चेहरा दाखवून देता येणारं जीवन प्रमाणचं अ‍ॅप आहे, त्यात आधी फोन चालवणाऱ्याची आधारनं ओळख पटवायची, मग त्याच फोनवरून दुसऱ्या पेन्शनरांचेही दाखले काढता येतात. एक फोन धरतो, दुसरा डोळे मिचकावतो. काम मुळातच दोघांचं आहे.

लष्कर_ग्वाल्हेर | गुरुवार, दुपारी १:०५

हे फार उपयोगी पडेल. आमच्याकडे पेन्शनर पुष्कळ. प्रमाणपत्राचं मात्र कुणी बोललं नाही. आमच्या मंडळात दोघं-तिघं आत्ताच विचारताहेत.

सातपुडा | गुरुवार, सायंकाळी ५:५०

द्या, पण परीक्षा घेऊ नका. साठीच्या माणसाला नापास करण्याचा अधिकार मला कुणी दिला, असं मला सेंटरवर नेहमी वाटायचं.

शिकतेय_६३ | गुरुवार, रात्री ९:१५

मला नको प्रमाणपत्र. माझी नात यादीत पुस्तक शोधत होती, तिला नोंद करणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं दिसली. तिनं गाळणी (फिल्टर) लावून मोजलं, २१२ नोंदी. तिनं ते तिच्या बाबाला दाखवलं. मुलगा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी बिजलीचं बिल माझ्यापुढे ठेवलं, म्हणाला, "आई, हे भरून टाक."

राजेंद्रनगरकर | गुरुवार, रात्री १०:००

काकू, २१२ चे आता २३० झालेत, आज दुपारच्या धरून.

लष्करकर, ज्यांना हवं त्यांना आम्ही एक कागद देतो. त्यावर मार्क नसतात, त्या माणसानं स्वतः केलेली कामं त्याच्याच शब्दांत लिहिलेली असतात, आणि खाली सही जोडीदाराची. तुम्हाला आमच्या शीटची कोरी प्रत आणि त्या कागदाचा नमुना निरोपातून पाठवते. कळपाटावर चिकटवायची इन्स्क्रिप्टची अक्षरं रेमिंग्टन काकांनी कापून ठेवली आहेत, दोन संच जास्तीचे आहेत. पत्ता कळवा.

लष्कर_ग्वाल्हेर | गुरुवार, रात्री १०:१८

निरोपात पत्ता पाठवलाय, ताई. आमच्याकडे खुर्च्या आठच आहेत, चार जोड्यांनी सुरुवात करतो. काकांना नमस्कार सांगा.